हातभर वरची रेघ

सम्यकनगरात सुंदराबाईंचा शब्द खाली पडत नसे. घाटकोपर पूर्वेला मोठ्या नाल्याच्या अलीकडच्या काठावर ही वस्ती. थोडे पुढे जाऊन तो नाला खाडीला मिळतो. बाईंनी जवळच्याच महापालिकेच्या शाळेत उभी हयात शिकवले, मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या, आणि वस्तीतल्या निम्म्या आईबापांना त्यांनी कधी ना कधी अंगठे धरून उभे केलेले होते. त्या विहारात आल्या की पाय पसरून बसलेल्या बायका आपोआप मांडी घालीत, आणि मोबाइलवर बोलणारे पुरुष "नंतर करतो" म्हणून फोन ठेवीत. बाईंना याचे नवल वाटत नसे. मुलांना वळण लावायला एक आयुष्य पुरत नाही, असे त्यांचे मत होते. ती मुले आता चाळिशी ओलांडून गेली, म्हणून काय झाले?

वर्षावासाचे दिवस होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात वंदना होई, पंचशील घेतले जाई, आणि मग पाळीपाळीने एकेका घरातले माणूस ग्रंथवाचन करी. विहाराचे जोते पुरुषभर उंच होते. ते बांधताना बाईंनीच तसा हट्ट धरला होता. पावसाचे पाणी आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की सगळी वस्ती अंथरुणे घेऊन तिथेच चढे.

त्या संध्याकाळी वाचन लवकर आटोपले, कारण संघमित्रा बोलणार होती. संघमित्रा ही बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर दुसरीत होती. बाईंनी तिला आपल्या दीड खोलीत आणले, पोटमाळ्यावर तिचे अंथरूण घातले, आणि शिष्यवृत्तीमागून शिष्यवृत्ती मिळवीत ती शहरे कशी बांधावीत याचे मोठे शिक्षण घेऊन बाहेर पडली. आता पवईला एका सल्लागार कंपनीत तिचा हुद्दा होता, आणि उपनगरांतल्या पुराचा नवा आराखडा त्याच कंपनीकडे आला होता. बाई हे सर्व कुणाला मुद्दाम सांगत नसत; सांगण्याची गरजच पडू नये अशा बेताने त्या बसत.

"मावशी, उभी राहून बोलू का?"

"उभीच राहा. मागच्यांना दिसू दे."

संघमित्रा बोलली ते सोपे होते. पूर्वी डोंगरावरचे पाणी उतरताना मातीत मुरे, खारफुटीत पसरे. आता वरपासून खालपर्यंत सिमेंट झाले, त्याला मुरायला जागा नाही. त्यात खाडी भरलेली असली की नाल्याचे तोंड बंद होते आणि पाणी घरात शिरते. पावसाची रीतही बदलली आहे. महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळतो. "म्हणून आता शहर वेगळ्या तऱ्हेनं बांधायचं आहे. पाण्याशी भांडायचं नाही. त्याला बसायला जागा द्यायची."

"अगं, आम्हाला बसायला जागा नाय, पाण्याला कुठून देतेस?" शीतल म्हणाली, आणि बायका हसल्या. शीतल खासगी इस्पितळात परिचारिका होती. ती आणि संघमित्रा एका बाकावर बसून शिकलेल्या, त्यामुळे तिला हा अधिकार होता.

"तेच तर ठरवायचंय ना, शीतल. पण आमच्याकडे या काठाचं मोजमापच नाही. म्हणून प्रत्येक घरानं भिंतीवर एक निळी रेघ काढायची. आजवर सगळ्यात जास्त पाणी जिथवर आलं, तिथं. त्या रेघा आम्ही मोजणार, आणि त्यावरून आराखडा होणार."

विहार समितीचा चिटणीस धम्मपाल मेट्रोच्या कारशेडात नोकरीला होता. तो मागून म्हणाला, "जय भीम, ताई. मागच्या खेपेला पण मोजून नेलं होतं. नंतर कोण फिरकलं पण नाय."

"तेव्हा मी नव्हते, दादा."

सभेत कुजबुज सुरू झाली. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. कुजबुज थांबली.

"ही माझ्या घरात वाढलेली मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या शब्दाला मी बांधील आहे. धम्मपाल, उद्या रंग आण."

संघमित्रा निघून गेल्यावर बाईंनी बायकांना थांबवून घेतले.

इथे सम्यकनगराची एक रीत सांगितली पाहिजे. पूर येई तेव्हा पंचनाम्याला माणसे कधी पाण्यात येत नसत. पाणी ओसरल्यावर, घरे धुऊन झाल्यावर, ऊन पडल्यावर येत. आणि भिंतीवर डाग कुठवर आहे ते पाहून, खाटेच्या वर नसेल तर "किरकोळ" असे म्हणून पुढच्या घरी जात. खाटेखाली भिजून गेलेले धान्य, मुलांची पुस्तके, शिलाई मशीनची मोटार, यांचा डाग भिंतीवर उमटत नसे. म्हणून बायका पंचनाम्याच्या आधी केरसुणी गाळात बुडवून भिंतीवर हातभर वरपर्यंत फिरवीत. नव्या सुनेला सासू हे काम स्वयंपाकाइतक्याच सहजतेने शिकवी. कुणाला त्यात पाप वाटले नव्हते. आजार खरा होता. डॉक्टर उशिरा येई, म्हणून कण्हणे मोठे करावे लागे, इतकेच.

"रेघ काढताना," बाई म्हणाल्या, "हातभर वर काढा."

"बाई, आत्ताच पंचशील घेतलं ना आपण?" शीतलने डोळे मिचकावले.

"शीतल, लांबून पाहणाऱ्याला वाचता यावं म्हणून फळ्यावर अक्षर मोठं काढावं लागतं. मी आयुष्यभर काढलं. त्याला खोटं म्हणत नाहीत."

"मोजणारी मित्रा आहे पण. ती काय लांबून बघणार?"

"तिच्या वर जे बसले आहेत, ते लांबून बघणार आहेत," बाईंनी उत्तर दिले, आणि विषय संपला.

आठवडाभरात वस्ती निळ्या रेघांनी भरली. संघमित्रा दोन सहकाऱ्यांना घेऊन आली. गल्लीगल्लीतून मोजमाप झाले, चहा झाला, आणि शेवटी ती बाईंच्या दारात आली. आतल्या भिंतीवर, बाईंच्या छातीच्या उंचीवर, पट्टी लावून काढलेली सरळ रेघ होती. संघमित्रा तिच्यापुढे जरा थांबली. तिने खाटेकडे पाहिले, पोटमाळ्याकडे पाहिले.

"मावशी, इथवर?"

"इथवर."

संघमित्रा हसली. ओठांच्या कोपऱ्यातून, लहानपणी बाईंच्या डब्यातला गूळ सापडला की हसे तशी. मग तिने सहकाऱ्याला आकडा सांगितला. बाईंना त्या हसण्याने फार बरे वाटले. घरच्या माणसाला घरची खूण कळली, ती आता आपल्या बाजूने आहे, असे त्यांना वाटले, आणि त्या रात्री त्या निवांत झोपल्या.

आराखडा थंडीत जाहीर झाला. धम्मपालने तो विभाग कार्यालयातल्या फलकावर पाहिला आणि तसाच बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला बसवेना.

"बाई, आपण नकाशात नाय."

"म्हणजे?"

"वस्तीच्या जागी तळं आहे. निळं. बाजूनी झाडं, बसायला बाकडी, चालायला रस्ता. नाव पण दिलंय, जलधारण उद्यान. विहार पण नाय. आणि आपल्याला लिहिलंय, छातीपर्यंत पाणी येतं म्हणून जागा राहण्यास अयोग्य. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला इमारती आहेत, तिकडे पाठवणार. हरकत असेल तर पुढे सुनावणी आहे."

बाई स्वतः जाऊन पाहून आल्या. शिकवणाऱ्या माणसाला नकाशा वाचता येतो. नाल्याच्या पलीकडच्या काठावर तीन मनोरे होते. त्यांच्या तळघरातल्या गाड्या दर पावसाळ्यात पाण्यात तरंगत, हे सगळ्या घाटकोपरला ठाऊक होते. नकाशात तो काठ कोरडा, पिवळा, सुरक्षित होता. अलीकडचा काठ मात्र सुंदर निळा होता. रंग नीट भरला होता. रेघेबाहेर कुठेही गेला नव्हता.

कोपऱ्यात तयार करणाऱ्यांची नावे होती. तिसरे नाव संघमित्राचे होते.

फोनवर बोलायचे विषय आणि समोर बसून बोलायचे विषय बाईंनी कधी मिसळले नाहीत. त्या इस्त्रीचे पांढरे लुगडे नेसल्या आणि रिक्षा करून पवईला गेल्या. संघमित्राच्या कचेरीतून तलाव दिसत होता. तिने बाईंना काचेच्या एका खोलीत नेले, दार लावले, कॉफी मागवते म्हणाली. बाईंनी हाताने नको म्हटले.

"पाणी कुठवर येतं, मित्रा?"

"हे विचारायला तू एवढ्या लांब आलीस?"

"मी विचारलं त्याचं उत्तर दे. आपल्या घरात पाणी कुठवर येतं?"

संघमित्राने खाली पाहिले. "खाटेच्या फळीपर्यंत. फार तर चार बोटं वर. मी माळ्यावरून पाय खाली सोडून बघायचे."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"होतं."

"रेघ पाहिलीस तेव्हाच?"

"पहिल्याच घरात कळलं, मावशी. शीतलच्या घरात. तिथे तर सातवीत असताना आम्ही दोघी त्या खाटेवर बसून पाण्यात गळ टाकायचो. गळाला चप्पल लागली होती." ती हसायला गेली, पण बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली.

"मग आकडा लिहिलास कशाला?"

"तुम्ही दिलात तो लिहिला. वस्तीनं दिलेली माहिती बदलायचा मला अधिकार नाही."

"हे तू कचेरीत सांग. मला नीट सांग."

संघमित्रा उठून काचेजवळ गेली. बाहेर पाहतच ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

"आमचा पहिला आराखडा वेगळा होता. तळं पलीकडच्या काठावर होतं, त्या तीन टॉवरांच्या मधल्या मैदानाखाली. वस्ती जिथल्या तिथे राहणार, घरांची जोती उंच करायची, नाल्याला थोडी रुंदी, काठानं झाडांची पट्टी. चांगला होता, मावशी. मीच काढला होता."

"मग?"

"मग काय. पहिल्याच बैठकीला ते लोक वकील घेऊन आले. आमचे साहेब म्हणाले, दुसरी जागा शोधा. मग मी मोजायला आले, तर या काठावर रेघा आयत्या तयार होत्या."

आयत्या. तो शब्द बाईंच्या कानात शिरला आणि तिथेच बसला. सम्यकनगराच्या प्रत्येक भिंतीवर बाईंच्या सांगण्यावरून निघालेली रेघ आयती होती.

"तू मला एकदा विचारायचं होतंस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. तो कधी चढत नसे. "'मावशी, खरं सांग', एवढंच."

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस," संघमित्रा म्हणाली. "मग मला ते लिहावं लागलं असतं."

खोलीबाहेर कुणीतरी मोठ्याने हसले. बाईंनी पदर सारखा केला. इतकी वर्षे मुले त्यांच्याशी खोटे बोलली, ते त्यांना चेहऱ्यावरून कळे. हे पोर तर एक अक्षरही खोटे बोलले नव्हते. फक्त खरे विचारायचे टाळले होते.

"मला राग आहे त्या जागेचा," संघमित्रा आता भराभर बोलू लागली. "तुला नसेल. मला आहे. दर पावसाळ्यात पुस्तकं डोक्यावर घेऊन विहारात झोपायचं, सकाळी गाळ उपसून शाळेत जायचं, आणि वर सगळ्यांनी कौतुक करायचं की बघा, कशा परिस्थितीत शिकते! मला कौतुक नको होतं, कोरडी गादी हवी होती. आणि आज खोटी असलेली रेघ वीस वर्षांनी खरी होणार आहे. खाडी चढते आहे. तेव्हा काय करणार? तिकडे लिफ्ट आहे, घरात संडास आहे. मला तुला तिथून बाहेर काढायचं होतं."

"मला बाहेर काढायला तू सगळी वस्ती उचललीस?"

संघमित्राने काचेबाहेर तलावाकडे पाहिले.

"आणि पलीकडच्यांची खाडी चढणार नाही?"

बाई उठल्या. दाराशी संघमित्राने त्यांचा हात धरला. "मावशी, सुनावणीत काही बोलू नकोस. तू बोललीस तर माझं इथलं सगळं संपेल. आणि वस्तीचंही. उद्या खरंच छातीपर्यंत पाणी आलं, तरी म्हणतील, हे लोक वाढवून सांगतात. त्याचा विचार कर."

बाईंनी तिची बोटे एकेक करून सोडवली. लहानपणी शाळेच्या फाटकाशी ती रडे, तेव्हा बाई याच बोटांनी ही बोटे सोडवीत असत.

परतीच्या रिक्षात त्यांना ते हसणे आठवत राहिले. ओठांच्या कोपऱ्यातले. घरची खूण पटल्याचे म्हणून त्यांनी जे मनात जपून ठेवले होते, ते काम सोपे झाल्याचे हसू होते. एवढी मोठी चूक त्यांच्याकडून कधी झाली नव्हती.

सुनावणीला थोडे दिवस उरले होते. बाई गेरूचा डबा घेऊन सकाळी उठून घरोघर फिरू लागल्या. निळ्या रेघेखाली, जिथे पाणी खरोखर येते तिथे, तांबडी रेघ काढा, असे सांगू लागल्या. काहींनी काढली. काहींनी "बघू" म्हटले. गल्लीच्या तोंडाशी शीतल रात्रपाळी करून नुकतीच आली होती. तिने डबा पाहिला आणि कमरेवर हात ठेवले.

"बाई, आधी सांगितलंत वर काढा. आता सांगता खाली काढा. आमच्या भिंती म्हणजे तुमचा फळा आहे का हो? लिहा नि पुसा?"

"शीतल, चूक झाली."

"चूक झाली?" शीतलचा आवाज चढला. दोन्ही बाजूंची दारे उघडली. "मी त्याच वेळी म्हटलं होतं ना? तुम्हाला आमचं बोलणं कधी ऐकूच आलं नाय. तुम्ही शब्द दिलात म्हणून आम्ही रंगवलं. आमच्याकडचे तर रेघ काढायलाच तयार नव्हते. मी म्हटलं, बाईंची भाची आहे. आता घर जाणार आमचं, आणि तुम्ही ह्या डब्यातून न्याय काढणार?"

बाईंना या गल्लीत कुणी असे बोलले नव्हते. त्यांनी सवयीने मान ताठ केली. मग गेरूचा डबा खाली ठेवला.

धम्मपालने त्यांना बाजूला घेतले. "बाई, राग धरू नका. पण अजून एक सांगतो. काही घरांना जायचंच आहे. लिफ्ट, संडास, ते त्यांना पायजे. ते पण आपलेच लोक. तुम्ही सुनावणीत काय बोलणार, ते ठरवून बोला. यावेळी सगळ्यांच्या वतीनं बोलू नका."

"मग कुणाच्या वतीनं बोलू?"

"तुमच्या स्वतःच्या."

रात्रभर बाईंनी संघमित्राच्या दोन गोष्टींचा विचार केला. तिचे नाव जाईल, ही एक. आणि पुढे खरे सांगितले तरी वस्तीवर कुणी विश्वास ठेवणार नाही, ही दुसरी. दुसरी गोष्ट खरी होती आणि म्हणूनच ती अधिक जिव्हारी लागली. गप्प राहिले तर बाईंची अब्रू शाबूत राहत होती आणि वस्ती जात होती. बोलले तर वस्ती राहीलच याचा भरवसा नव्हता. अब्रू मात्र नक्की जात होती.

सुनावणी एका महापालिका सभागृहात झाली. व्यासपीठावर अधिकारी होते. बाजूच्या टेबलाशी संघमित्रा आणि तिचे साहेब. समोरच्या खुर्च्यांवर एका बाजूला सम्यकनगर, दुसऱ्या बाजूला मनोऱ्यांतले लोक. बाईंचे नाव पुकारले गेले. त्या माइकपाशी गेल्या आणि माइक स्वतःच्या उंचीला नीट करून घेतला.

"माझ्या वस्तीतल्या निळ्या रेघा हातभर वर आहेत," त्या म्हणाल्या. "तसं काढायला मी सांगितलं. पाणी कमरेच्या खाली येतं. आम्हाला उठवण्यासाठी जे कारण दिलं आहे, ते माझ्या सांगण्यावरून तयार झालेलं आहे, आणि ते खोटं आहे."

सभागृहात गलका झाला. मनोऱ्यांतला एक जण मागून ओरडला, "म्हणजे नुकसानभरपाई पण अशीच घेतली काय?" बाईंनी तिकडे पाहिले नाही.

अधिकारी पुढे वाकले. "बाई, तुम्ही आधी एक सांगितलंत, आता एक सांगता. आम्ही कुठलं खरं मानायचं?"

"मोजणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "त्या टेबलाशी बसलेली मुलगी माझी भाची आहे. ती त्याच घरात वाढली. पाणी कुठवर येतं ते तिला माझ्याइतकंच माहीत आहे. रेघ पाहून खरं काय, ते तिनं विचारलं नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. अधिकाऱ्यांनी संघमित्राला विचारले. ती उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. एक क्षण तिने बाईंकडे पाहिले, आणि त्या एका क्षणात बाईंना वाटले, पोर खरे बोलेल. माझ्या हातची आहे, बोलेल.

"सर, वस्तीतल्या रहिवाशांनी दाखवलेल्या खुणा आम्ही आहेत तशा नोंदवल्या," संघमित्रा म्हणाली. "त्या वाढवलेल्या असतील, याची आमच्याकडे कुणालाही कल्पना नव्हती. सुंदराबाईंनी स्वतः खात्री दिली होती."

सुंदराबाई. जन्मापासून मावशी म्हणणाऱ्या तोंडातून ते नाव इतक्या सफाईने निघाले, की बाईंना क्षणभर वाटले, दुसऱ्याच कुणाविषयी बोलणे चालले आहे. आपण खोटे सांगितले होते, हे त्यांनी नुकतेच सर्वांदेखत मान्य केले होते. आता त्यांच्या शब्दापुढे तिचा शब्द होता, आणि तिचा स्वच्छ होता. त्या माइकपासून बाजूला झाल्या.

तेवढ्यात मागून शीतल उठली. माइकची वाट तिने पाहिली नाही.

"ओ साहेब, कोण खरं कोण खोटं ते नंतर बघा. पाणी कुठवर येतं ते भिंतीला काय विचारता? पावसात या ना! भरती असेल त्या दिवशी या, पाण्यात उभे राहा, आणि मोजा. ह्या काठावर पण मोजा, त्या काठावर पण मोजा. सगळं सुकल्यावर येता, म्हणून तर ही वाट लागली."

कुणीतरी हसले, मग पुष्कळ जण हसले. मनोऱ्यांच्या बाजूने "पलीकडे कशाला?" असा आवाज आला, आणि त्या आवाजाने अधिकाऱ्यांनी मान वर केली. त्यांनी बाजूच्या माणसाशी दोन शब्द बोलून जाहीर केले: पुढच्या पावसाळ्यात, भरतीच्या दिवशी, महापालिकेचे अभियंते दोन्ही काठांवर स्वतः मोजतील. तोवर आराखडा पुढे जाणार नाही.

बाहेर पायऱ्यांशी संघमित्रा उभी होती. "मावशी," ती हळू आवाजात म्हणाली, "ऊन आहे. रिक्षा करून देऊ?"

बाईंनी तिच्याकडे पूर्ण पाहिले. चेहरा तोच होता, बहिणीचा. "मला रस्ता माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि उन्हातून चालू लागल्या.

आषाढात ते अभियंते खरेच आले. सकाळपासून धार लागली होती, खाडी भरली होती, आणि नाला गल्लीत शिरला होता. रेनकोट घातलेली दोन माणसे उंच मोजपट्टी घेऊन पाण्यातून घराघराशी थांबत चालली होती. पलीकडच्या काठावर आणखी दोघे होते. धम्मपाल त्यांना वाट दाखवीत होता. बायका खिडक्यांतून, माळ्यांवरून बघत होत्या. कुणी केरसुणीला हात लावला नव्हता.

ती माणसे बाईंच्या दारात आली तेव्हा बाई खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. पाणी फळीच्या खाली होते. चढत होते.

"आजी, याहून वर कधी येतं का?" एका अभियंत्याने विचारले. "अजून भरती पुरी झाली नाही. तुम्ही इथल्या जुन्या. तुमचा काय अंदाज?"

बाईंच्या ओठांवर उत्तर आले. सगळा जन्म त्यांनी असल्याच प्रश्नांची उत्तरे दिली होती आणि ती मानली गेली होती. त्यांनी ओठ मिटले. समोरच्या दारात शीतल गुडघ्यावर सलवार दुमडून, कमरेवर हात ठेवून उभी होती आणि इकडेच पाहत होती.

"तिला विचारा," बाई म्हणाल्या. "माझ्या सांगण्यावर जाऊ नका. आणि भरती पुरी होईपर्यंत इथंच थांबा."

"थांबतील, थांबतील," शीतल समोरून म्हणाली. "मी त्यांना सोडते काय? साहेब, इकडे या. त्या दगडावर उभं राहू नका, तो हलतो."

अभियंते पाण्यातून समोरच्या दाराशी गेले. बाई खाटेवरच बसून राहिल्या आणि फळीला पाणी लागण्याची वाट पाहू लागल्या.